मोटर फिरली, हा पुरावा नव्हे

दिवाळीची सुटी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले की तालुक्यातालुक्यांतून आणि मागाहून जिल्ह्याजिल्ह्यांतून विज्ञान प्रदर्शने भरू लागतात, आणि अलीकडच्या काही वर्षांत या प्रदर्शनांच्या टेबलांवर ज्वालामुखीच्या व सूर्यमालेच्या परिचित प्रतिकृतींच्या शेजारी पिवळ्या मोटरींच्या चारचाकी गाड्या, मातीतील ओलावा ओळखून आपोआप सुरू होणारे चिमुकले पंप, अडथळा जवळ येताच अंध व्यक्तीच्या हातात थरथरणारी काठी, कचरा उचलून टोपलीत टाकणारे यांत्रिक हात अशा वस्तू मोठ्या संख्येने दिसू लागल्या आहेत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ मध्ये हाती घेतलेल्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेखाली देशभरात १०,००० हून अधिक शाळांतून अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान, त्यात निम्मे उभारणीसाठी व निम्मे पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी, अशी तजवीज आहे. आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी ५०,००० प्रयोगशाळा काढण्याचा संकल्प जाहीर झाला आहे. ज्या मुलांच्या आईवडिलांना शाळेत विजेचा दिवा पेटवून पाहण्याचीही संधी मिळाली नाही, त्या मुलांच्या हाती आज आज्ञा लिहून यंत्र हलविण्याचे सामर्थ्य आले आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो, आणि म्हणूनच त्यातील एक उणीव स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रदर्शनात परीक्षक टेबलापाशी येतात, विद्यार्थी बटण दाबतो, चाक फिरते, सभोवतालचे लोक कौतुकाने माना डोलावतात, आणि गुणपत्रकात आकडा पडून परीक्षक पुढे सरकतात. चाक फिरले या एकाच घटनेवरून जोडणी योग्य आहे, असा निष्कर्ष या सर्व व्यवहारात गृहीत धरलेला असतो. माझे म्हणणे असे आहे की हा निष्कर्ष मुळातच अशास्त्रीय आहे. मायक्रोकंट्रोलरने मोटर चालविण्याच्या विद्येत जे जे शिकण्यासारखे आहे ते जवळजवळ सर्व, मोटर सुरळीत फिरत असताना दृष्टीस न पडणाऱ्या प्रसंगांत सामावलेले आहे. आणि ती अडली असता, बंद होत असता, नियंत्रक स्वतःच क्षणभर बेशुद्ध झाला असता काय घडते हे ज्याला विचारले जात नाही, त्या विद्यार्थ्याला आपण विज्ञान शिकविले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

प्रथम सामर्थ्याचा हिशेब पाहू. शाळांतून सर्रास दिसणाऱ्या आर्डुइनो उनो या फलकावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिच्या डेटाशीटमध्ये एका पिनमधून वाहू शकणाऱ्या प्रवाहाची अंतिम मर्यादा ४० मिलिअँपिअर दिलेली आहे, नित्य वापराचा हिशेब मात्र २० मिलिअँपिअर धरून केलेला आहे, आणि चिपला वीज पुरविणाऱ्या पायांतून एकंदर २०० मिलिअँपिअरच्या वर जाऊ नये अशी ताकीद आहे. आता समोरची मोटर पाहावी. जिला आपल्या दुकानांतून बीओ मोटर म्हणतात ती पिवळ्या प्लॅस्टिकच्या दातेरी पेटीतली मोटर काहीही भार नसताना सुमारे शंभर मिलिअँपिअर घेते, आणि अडवली तर अर्ध्या अँपिअरपासून एक अँपिअरपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. अंधांच्या काठीत बसवितात ती बटणाएवढी थरथरणारी मोटरसुद्धा साठ-सत्तरपासून शंभर मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मागते. म्हणजे खेळण्यातील खेळणे म्हणावे अशी ही वस्तूदेखील पिनच्या मर्यादेबाहेरची आहे. मायक्रोकंट्रोलरचे स्थान मामलेदाराच्या सहीसारखे आहे: सही झाल्यावाचून खजिन्यातून पैसा हलत नाही हे खरे, परंतु पैसा सहीतून निघत नाही, तो खजिन्यातून निघतो, आणि हुकूम देणारा व हुकमाची तामिली करणारा यांच्यामध्ये जी व्यवस्था असावी लागते, तीच येथे ट्रान्झिस्टरने किंवा ड्रायव्हर चिपने करावयाची असते.

मोटर अडली की प्रवाह एवढा का वाढतो, हा प्रश्न मी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारावा असा आग्रह धरीन, कारण त्याच्या उत्तरात अर्धे मोटरशास्त्र आहे. फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. तिच्या गुंडाळ्या चुंबकाच्या क्षेत्रातून जात असताना त्यांत बॅटरीच्या विरुद्ध दिशेचा विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, आणि बॅटरीचा दाब व हा विरोधी दाब यांच्यातील फरकापुरताच प्रवाह गुंडाळीतून वाहतो. समजा, गुंडाळीचा रोध ६ ओहम आहे व बॅटरी ६ व्होल्टची आहे. मोटर सुखाने फिरत असताना १५० मिलिअँपिअर घेते, तेव्हा ५.१ व्होल्ट विरोधी दाबाने अडविलेले असतात व अवघे ०.९ व्होल्ट रोधाच्या वाट्याला येतात. चाकात दोरा गुंतला, खडा अडकला, किंवा पंपात गाळ शिरला, की फिरणे थांबते, विरोधी दाब नाहीसा होतो, आणि ओहमच्या नियमाप्रमाणे पूर्ण १ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सबब फिरत असताना गुंडाळीत एक सप्तमांश वॅटच्या आतबाहेर खर्च होणारी शक्ती आता सहा वॅट होते, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस पट, आणि तीही ज्या पेटीतून वारा खेळत नाही अशा पेटीत. विद्यार्थ्याने मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून मोटरीच्या वाटेत एकसर जोडावा, फिरणारा दांडा चिमटीत हळूहळू दाबीत जावे, आणि पडद्यावरचे आकडे चढताना पाहावे. दांडा पुरता थांबला की आकडाही एका जागी स्थिरावतो. तो टिपून, एखाद्या-दुसऱ्या सेकंदात हात सोडावा. एवढ्या अल्पावधीतही मोटरीच्या पाठीला जाणवण्याइतकी ऊब येऊ लागते. ड्रायव्हर, वायर, फ्यूज आणि बॅटरी या सर्वांची निवड त्या टिपलेल्या आकड्यावरून करावयाची असते, फिरत असतानाच्या आकड्यावरून नव्हे.

यावर असा प्रतिवाद केला जातो की अमक्याने मोटर थेट पिनला जोडली होती, आणि काही बिघडले नाही. हा अनुभव खोटा नसतो. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो. पिनच्या आतील लहानशा ट्रान्झिस्टरला स्वतःचा काही दशक ओहमचा रोध असतो, त्यामुळे अडलेल्या मोटरीचा एक अँपिअर त्यातून वाहू शकत नाही. शंभर-सव्वाशे मिलिअँपिअरवर तो अडखळतो. हलकी मोटर तेवढ्यावर फिरतेसुद्धा. परंतु ती फिरत असताना चिपच्या पोटात, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, मर्यादेच्या तिप्पट प्रवाह एका सूक्ष्म वाटेने जात असतो, आणि तिची हानी होते ती पुष्कळदा ताबडतोब नव्हे तर हळूहळू. आठवड्याने ती पिन वर जात नाही, किंवा खाली येत नाही, किंवा शेजारच्या पिनचे वाचन भलतेच येऊ लागते, आणि विद्यार्थी प्रोग्रॅममधील चूक शोधीत बसतो. डेटाशीटमध्ये अंतिम मर्यादांचा जो तक्ता असतो, त्याच्याखाली स्पष्ट लिहिलेले असते की या मर्यादेपलीकडे कायमची हानी होऊ शकते, आणि फार काळ या मर्यादेवर राहिल्यानेही उपकरणाच्या विश्वसनीयतेवर परिणाम होऊ शकतो. या वाक्याचे वाचन प्रत्येक प्रयोगशाळेत व्हावयास हवे.

मोटर बंद करण्याचा प्रसंग याहूनही शिकण्याजोगा आहे. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये विद्युत्‌प्रवर्तनाचा शोध लावला आणि हाइनरिश लेन्झने १८३४ मध्ये त्याची दिशा सांगणारा नियम दिला, हे आपली मुले पाठ्यपुस्तकातून पाठ करतात. पण त्या नियमाचा प्रत्यक्ष प्रत्यय ज्या घटनेत सर्वांत स्वस्तात व सर्वांत ठळकपणे येतो, ती घटना त्यांच्या समोर टेबलावर घडत असते आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, तर गुंडाळी त्या बदलास विरोध करते व प्रवाह चालू ठेवण्यासाठी आपल्या टोकांशी दाब उत्पन्न करते. प्रवाह जितक्या झटक्याने तोडावा तितका हा दाब मोठा. साध्या बटणाने मोटर बंद केली तर बटणाच्या पट्ट्यांमध्ये बारीक निळसर ठिणगी दिसते ती याचीच. ट्रान्झिस्टर तर बटणाहून कितीतरी वेगाने तोडतो, आणि त्याची सहनशक्ती मर्यादित असते: बीसी ३३७ हा ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टपर्यंतचा, २एन२२२२ए हा ४० व्होल्टचा. सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरीने ही मर्यादा ओलांडावी, हे ऐकणाऱ्याला प्रथम असंभाव्य वाटते, पण ते अगदी शक्य आहे.

यावरचा उपाय रुपया-दोन रुपयांचा एक डायोड. १एन४००७ या नावाचा काळा, दंडगोल, एका टोकाला रुपेरी पट्टा असलेला डायोड मोटरीच्या दोन टोकांवर असा जोडावयाचा, की पट्ट्याचे टोक बॅटरीच्या धन बाजूस येईल. मोटर चालू असताना तो उलट्या दिशेने असल्यामुळे त्यातून काही वाहत नाही. प्रवाह तोडताक्षणी गुंडाळीचा प्रवाह त्यातून गोल फिरून विझून जातो, आणि ट्रान्झिस्टरवर बॅटरीच्या दाबाहून अर्ध्यापाऊण व्होल्टचाच जादा ताण पडतो. पट्टा भलत्या बाजूला आला, तर ट्रान्झिस्टर चालू होताच डायोडमधून सरळ शॉर्ट सर्किट होते. म्हणून ती रुपेरी रेघ कुठे आहे हे वीज जोडण्यापूर्वी दोनदा पाहण्याची शिस्त लागली पाहिजे. मोटरीचा वेग कमी-जास्त करण्यासाठी पीडब्ल्यूएम पद्धतीने प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा तोडला-जोडला जातो, उनोच्या बहुतेक पिनांवर सुमारे ४९० वेळा. तेथवर १एन४००७ निभावून नेतो, पण त्याहून पुष्कळ वेगाने तोडावयाचे असेल तर १एन५८१९ सारखा चपळ शॉटकी डायोड घ्यावा. डायोडावाचूनही मोटर फिरते. पहिल्या दिवशी फिरते, प्रदर्शनाच्या दिवशीही फिरते. गुणपत्रकाच्या दृष्टीने डायोड असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांत आज काही अंतर नाही, आणि माझ्या तक्रारीचे मर्म नेमके हेच आहे.

ट्रान्झिस्टरच्या निवडीत तर डेटाशीट न वाचण्याची किंमत आपण रोज मोजीत आहोत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन विद्यार्थी बीसी ५४७ मागतो, कारण ते नाव त्याने ऐकलेले असते. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे हे तो विचारीत नाही व दुकानदाराला ते सांगण्याचे कारण नसते. थोडा वाचलेला विद्यार्थी मॉस्फेट मागतो आणि त्याला आयआरएफझेड ४४एन मिळतो. याच्या कागदावर थ्रेशोल्डचा दाब २ ते ४ व्होल्ट दिलेला असतो. आपली पिन तर ५ व्होल्ट देते, म्हणजे काम झाले, असे त्याला वाटते. पण त्याच ओळीच्या शेजारच्या रकान्यात हा थ्रेशोल्ड किती प्रवाहाला मोजला आहे हे लिहिलेले असते, आणि तो प्रवाह असतो २५० मायक्रोअँपिअर, म्हणजे पाव मिलिअँपिअर. त्या दाबाला मॉस्फेटचे दार नुसते किलकिले झालेले असते. तो पूर्ण उघडल्यावरचा अत्यल्प रोध ज्या ओळीत दिला आहे, त्या ओळीत गेटचा दाब १० व्होल्ट असल्याची अट आहे. पाच व्होल्टवर तो कधी चांगला चालतो, कधी अर्धवट उघडून तापतो, ३.३ व्होल्टच्या ईएसपी ३२ किंवा पिको फलकावर तर त्याचा भरवसाच नको. त्याचाच भाऊबंद आयआरएलझेड ४४एन याच्या कागदात मात्र ५ व्होल्टला ०.०२५ ओहम असा रोध हमीने दिलेला आहे, आणि एक अँपिअरला त्यात खर्च होणारी शक्ती अवघी २५ मिलिवॅट. ३.३ व्होल्टच्या फलकासाठी याच्याही पुढे जाऊन, ज्याच्या कागदात २.५ व्होल्टचा आकडा दिलेला आहे असा मॉस्फेट शोधावा लागतो. एका अक्षराच्या फरकाने एक यंत्र गार राहते व दुसरे बोट भाजते. हा फरक शिकविण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि रकान्याचे मथळे वाचण्याइतका धीर लागतो.

आता मी ज्या प्रसंगाला सर्वांत अधिक महत्त्व देतो, त्याकडे वळतो. मायक्रोकंट्रोलरला वीज मिळाल्यापासून त्याचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत काही काळ जातो, आणि उनोसारख्या फलकावर त्यात नवा प्रोग्रॅम येतो आहे काय याची वाट पाहण्याचाही वेळ मिसळतो. या अवधीत पिना ना वर असतात ना खाली. त्या अधांतरी असतात. मॉस्फेटच्या गेटला हुकूम देणारे कोणी नसते, आणि गेटवर हवेतून, हाताच्या स्पर्शातून, शेजारच्या वायरीतून जो काही भार साचेल त्याच्या जोरावर मोटर स्वतःहून फिरू शकते. गेट आणि ऋण बाजू यांच्यामध्ये १० किलोओहमचा एक रोधक जोडला, की हुकूम नसेल तेव्हा बंद राहावयाचे हा नियम तारेतच लिहिला जातो, प्रोग्रॅमवर अवलंबून राहत नाही. गाडीचे चाक क्षणभर चुकून फिरले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण ज्या विद्यार्थ्याने हा रोधक गाळला, तोच पुढे कडबाकुट्टीवर, पिठाच्या गिरणीवर किंवा उद्वाहनावर नियंत्रण बसविणार आहे, आणि तेथे त्या क्षणी पात्याजवळ कोणाचा तरी हात असेल.

आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परत आली तरी हिरवे बटण माणसाने दाबल्यावाचून मोटर सुरू होत नाही. त्याच पेटीत ओव्हरलोड रिले असतो, जो मोटर अडून प्रवाह चढला की वाट तोडतो. अपरात्री वीज येते व बटण दाबण्यासाठी शेतावर जावे लागते या खऱ्या अडचणीपायी अनेकांनी तेथे ऑटो स्विच बसविले, आणि मग वीज येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकदम उचल घेतात, त्या उसळत्या प्रवाहाने रोहित्र जळते. ऑटो स्विच काढा व कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आले आहे. ज्या शाळकरी मुलाच्या घरी हा अनुभव आहे, त्याला दहा किलोओहमच्या रोधकाचे महत्त्व परदेशी पुस्तकातून समजावण्याची गरज नाही. त्याच्या वडिलांच्या स्टार्टरचे झाकण उघडून, अर्थात मुख्य स्विच बंद करून, दाखविले म्हणजे पुरे.

तयार ड्रायव्हर मोड्यूल वापरावे की नाही, याविषयी माझा काही आक्षेप नाही. दोन्ही दिशांना फिरविण्यासाठी लागणारा चार स्विचांचा पूल मुलांनी सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधण्याच्या भरीस पडू नये, कारण एकाच बाजूचे दोन्ही स्विच क्षणभर एकदम चालू झाले तर बॅटरीच शॉर्ट होते. परंतु मोड्यूलचाही कागद वाचावा. लाल फलकावरचा, काळ्या हीट सिंकचा एल२९८एन हा जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांचा आहे, आणि एक अँपिअरला तो वरखाली मिळून सुमारे दोन ते तीन व्होल्ट स्वतःच खातो. सहा व्होल्टच्या बॅटरीतले मोटरीला जेमतेम चार उरतात आणि बाकीच्यांची उष्णता होते. टीबी६६१२ हा मॉस्फेटचा असल्याने त्याची ही खादाडी पुष्कळ कमी आहे. एल२९३डी मध्ये डायोड आत बसविलेले असतात, नुसत्या एल२९३ मध्ये नसतात. एवढे सांगून मी हा विषय सोडतो.

विजेच्या पुरवठ्याविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण प्रदर्शनातील निम्म्या गाड्या तेथे मरतात. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिसायला आटोपशीर आणि आकड्याने मोठी. पण ती मल्टिमीटरसारख्या अल्पाहारी उपकरणांसाठी आहे, तिचा अंतर्गत रोध मोटरीच्या मानाने मोठा असतो. थांबलेली मोटर सुरू होते त्या पहिल्या क्षणी ती अडलेल्या मोटरीइतकाच प्रवाह मागते. बॅटरीचा दाब कोसळतो. फलकाचा दाब २.७ व्होल्टच्या आसपास उतरला की उनोची चिप आपल्याला पुरेशी वीज नाही असे समजून स्वतःला रीसेट करते. मोटर बंद पडते, भार गेल्याने दाब पुन्हा सावरतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, मोटरीला हुकूम जातो, आणि पुन्हा तेच. गाडी जागच्या जागी आचके देत राहते, आणि बिचारा विद्यार्थी प्रोग्रॅमच्या ओळी तपासतो, ज्यांत काहीही चूक नसते. मोटरीला स्वतंत्र बॅटरी द्यावी, दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण बाजू एकत्र जोडाव्यात, कारण त्याखेरीज पिनच्या हुकमाला अर्थच राहत नाही; मोटरीच्या टोकांवर १०४ चा सिरॅमिक कॅपॅसिटर आणि ड्रायव्हरच्या पुरवठ्यापाशी काहीशे मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवावा. लिथियमच्या १८६५० सेल वापरावयाच्या असतील तर संरक्षण सर्किट व फ्यूज यांवाचून त्या मुलांच्या हाती देऊ नयेत, असे मी निक्षून सांगतो. पाच व्होल्टच्या मोटरीने कोणाला झटका बसत नाही, पण शॉर्ट झालेल्या लिथियम सेलने दप्तर पेटू शकते.

माझ्या या आग्रहावर शिक्षकांकडून दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की एवढी बंधने घातली तर मुले घाबरतील व हात लावणार नाहीत. माझे मत याच्या उलट आहे. मुले घाबरतात ती न कळणाऱ्या बिघाडाला. ज्याला आपली मोटर अडली असता किती प्रवाह घेते हे स्वतः मोजून ठाऊक आहे, तो निर्धास्तपणे पुढचे पाऊल टाकतो. दुसरा आक्षेप अधिक व्यवहाराचा आहे, व त्याचा उगम प्रयोगशाळेत नसून कार्यालयात आहे. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. वर्षअखेर पडताळणी होते. वस्तू जळाली तर खुलासा द्यावा लागतो, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, आणि त्या खटाटोपाला भिऊन कितीतरी शाळांतून संच कुलपात राहतात व पाहुणे आले म्हणजे बाहेर येतात. मोटर अडवून पाहा, असे मी शिक्षकाला सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नोंदवही उभी राहते. ही अडचण खरी आहे आणि तिचा दोष शिक्षकाकडे जात नाही.

म्हणून माझ्या सूचना दोन ठिकाणांना उद्देशून आहेत. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ज्या प्रतिकृतीत मोटर आहे तिच्यासाठी गुणांचा एक भाग राखून ठेवावा, आणि तो चाक फिरल्याबद्दल न देता, फिरते चाक हाताने क्षणभर अडवून, मोटर चालू असताना फलकावरचे रीसेटचे बटण दाबून, संगणकाशी किंवा मोबाइलशी असलेला संबंध मध्येच तोडून यंत्र काय करते हे पाहून द्यावा. हुकूम येणे थांबले तर अर्ध्याएक सेकंदात मोटर बंद व्हावी एवढी तरतूद प्रोग्रॅममध्ये दोन ओळींत होते. विद्यार्थ्याच्या वहीत अडलेल्या मोटरीचा स्वतः मोजलेला प्रवाह आणि निवडलेल्या ट्रान्झिस्टरच्या कागदातील संबंधित ओळ लिहिलेली असावी. आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी व त्यांच्यावरील अधिकाऱ्यांनी डायोड, ट्रान्झिस्टर, रोधक, लहान मोटरी व ड्रायव्हर मोड्यूल यांची नोंद जडसंग्रहात न करता रसायने व खडू यांच्याप्रमाणे उपभोग्य वस्तूंत करावी, त्यांचा खर्च चालू अनुदानातून टाकावा, आणि तसे लेखी आदेश पुढील सत्राची खरेदी होण्यापूर्वी शाळांच्या हाती द्यावेत.